ठरलेल्या निकालातले खरेपण

१३ डिसेंबर २०२५ रोजी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन शहरात डब्ल्यूडब्ल्यूई या धंदेवाईक कुस्तीच्या कंपनीचा मल्ल जॉन सीना आपली शेवटची कुस्ती लढला आणि हरला. आपल्याकडे तेव्हा रविवारची सकाळ होती. गुंथर या ऑस्ट्रियन मल्लाने त्याच्या गळ्याभोवती हाताचा विळखा घातला होता, सीना तो पुन्हा पुन्हा सोडवत होता, आणि अखेरीस किंचित हसून त्याने थाप मारली, म्हणजे हार कबूल केली. पंधरवड्यानंतर आमच्या बडोद्यातल्या एका मराठी मंडळात तरुण सभासदांनी साधा प्रस्ताव मांडला, की सीनाच्या तेवीस वर्षांच्या कारकिर्दीवर एक संध्याकाळ ठेवावी, निवडक सामने पडद्यावर दाखवावेत आणि त्यांवर बोलावे. प्रस्ताव फेटाळला गेला याचे मला दुःख आहेच. पण ज्या युक्तिवादांनी तो फेटाळला गेला आणि ज्या युक्तिवादांनी त्याची पाठराखण झाली, त्यांचे दुःख त्याहून अधिक आहे. ज्येष्ठ मंडळी म्हणाली की ही खोटी कुस्ती आहे, तिचे निकाल आधी ठरलेले असतात, आणि जुम्मादादा नि प्रोफेसर माणिकराव या व्यायामगुरूंच्या गावात खोट्या कुस्तीचा गौरव होणे लाजिरवाणे आहे. तरुण म्हणाले की ही कुस्ती नाहीच, निव्वळ करमणूक आहे, मग तुम्ही ती एवढी मनावर का घेता? आणि त्याच तरुणांपैकी निम्म्यांची स्वतःची तक्रार अशी होती, की आयुष्यभर ‘हार मानू नका’ असे सांगत आलेल्या माणसाला अखेरीस हार मानायला लावून कंपनीने त्याचा घात केला. एकाच दमात ‘हे मनावर घेऊ नका’ आणि ‘त्याच्यावर अन्याय झाला’ असे दोन्ही कसे म्हणता येईल?

माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. सीनाची कारकीर्द मनावर घेण्याजोगीच आहे. ती क्रीडास्पर्धेतली कारकीर्द नाही हे पूर्णपणे मान्य करूनही ती तशी आहे, कारण आपला देह रोज पणाला लावून केलेल्या रंगकर्माची ती कारकीर्द आहे; आणि त्याची शेवटची हार हे त्या कारकिर्दीतले सर्वांत योग्य पाऊल होते. ज्या गावाने तालीम आणि नाटक या दोहोंना एकाच राजाच्या आश्रयाखाली वाढताना पाहिले, त्या गावाला हे कळायला जड जाऊ नये.

ज्येष्ठांचा मुद्दा प्रथम घेतो, कारण तो दोहोंत अधिक भक्कम आहे. निकाल ठरलेले असतात, यात वाद नाही. कोण जिंकणार, पट्टा कोणाच्या कमरेला जाणार, हे लेखक आणि चालक ठरवतात. सतरा वेळा जगज्जेता झाल्याचा सीनाचा विक्रम हा ऑलिंपिकमधल्या सतरा सुवर्णपदकांसारखा विक्रम नव्हे. नाटक मंडळीने सतरा वेळा नायकाची भूमिका एकाच नटाला द्यावी, तसा तो आहे. खेळाचा प्राण अनिश्चिततेत असतो आणि इथे ती नाही, हा आक्षेप खोडता येत नाही, आणि मी तो खोडणारही नाही. आपल्या कुस्तीच्या परंपरेत या प्रकाराला जुने नाव आहे, नुरा कुस्ती, आणि ते नाव शिवीसारखेच उच्चारले जाते. पण ती शिवी का झाली, याचा विचार आपण करतो का? नुरा कुस्तीत हौद्याभोवती बसलेल्या माणसाने तिकीट काढलेले असते, कदाचित पैजही लावलेली असते, आणि समोरचे दोघे आपापसांत हिस्सा वाटून घेऊन त्याला फसवत असतात. पाप आहे ते त्या फसवणुकीत. पडणे ठरलेले होते एवढ्यात नव्हे. सीना ज्या कंपनीत लढला त्या कंपनीने १९८९ साली न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे स्वतःच सांगून टाकले, की आमचे सामने ही खरी स्पर्धा नाही, करमणूक आहे. सीनाने पदार्पण केले ते त्यानंतर तेरा वर्षांनी. त्याच्या कारकिर्दीतला कोणताही प्रौढ प्रेक्षक फसवला गेलेला नाही. जी गोष्ट सर्वांना ठाऊक आहे तिला खोटे कसे म्हणावे? रंगमंचावर ‘एकच प्याला’तली सिंधू प्राण सोडते तेव्हा आपण प्रेक्षागृहातून उठून पोलिसांना बोलावत नाही, आणि घरी जाताना आपल्याला फसवले अशी तक्रारही करत नाही.

यावर ज्येष्ठांचे उत्तर मला ठाऊक आहे, कारण ते त्या सभेतही आले होते: नाटक नाटकाच्या जागी, पण कुस्तीचे नाव घेऊन नाटक करू नये. इथे त्यांनी सयाजीबागेतला दगड आठवला, आणि मलाही तोच आठवावासा वाटतो. बडोद्याच्या संग्रहालयात जो अजस्र दगड ठेवला आहे, तो गामा पहिलवानाने २३ डिसेंबर १९०२ रोजी उचलल्याची नोंद त्यावर कोरलेली आहे. त्याचे वजन १२०० किलो सांगितले जाते. हाच गामा १९१० साली लंडनला गेला आणि तिथे स्टॅनिस्लाव झ्बिश्को या पोलिश मल्लाशी अडीच तासांहून अधिक वेळ झुंजला. झ्बिश्को जवळजवळ सारा वेळ जमिनीला चिकटून राहिला. आठवड्याने पुन्हा लढत ठरली तेव्हा तो आलाच नाही. पुढे १९२८ साली पतियाळ्यात गामाने त्याला मिनिटभराच्या आत आस्मान दाखवले. इथवरची कथा आपण सगळे अभिमानाने सांगतो. मधल्या काळात झ्बिश्को काय करत होता, हे मात्र कोणी सांगत नाही. तो अमेरिकेत होता, आणि तिथली धंदेवाईक कुस्ती तेव्हाच बरीचशी ठरवून होऊ लागली होती. एप्रिल १९२५ मध्ये फिलाडेल्फियाला त्याची गाठ वेन मन या अमेरिकन फुटबॉलपटूशी होती. मनला कुस्ती बेताचीच येत होती, पण चालकांनी त्याला जगज्जेता बनवले होते, आणि झ्बिश्कोने त्याच्यासमोर पडायचे असे ठरले होते. झ्बिश्को पडला नाही. ठरलेले मोडून त्याने मनला खरोखरच उचलून आपटले, पुन्हा पुन्हा चीत केले आणि पट्टा घेऊन गेला.

आता या कुस्तीला खरी म्हणायचे की खोटी? निकाल खरा होता, बळ खरे होते, डाव खरे होते; खोटा होता तो दिलेला शब्द. वेन मनने आपले शरीर विश्वासाने समोरच्याच्या हाती दिले होते आणि त्या विश्वासाचा घात करून ही ‘खरी’ कुस्ती जिंकली गेली. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण ठरवून केलेल्या कुस्तीचा सारा धर्म या एका विश्वासावर उभा आहे. एक माणूस दुसऱ्याला खांद्यावर उचलतो, उलटा करतो आणि खाली टाकतो; त्या क्षणी टाकला जाणाऱ्याची मान टाकणाऱ्याच्या हातात असते. सीनाने शंभर किलोंहून वजनदार माणसे दोन्ही खांद्यांवर आडवी घेऊन खाली टाकली ती वर्षानुवर्षे, आठवड्यामागून आठवडे. आणि दुसऱ्याला इजा होऊ नये असे टाकणे हेच तिथले कसब आहे. आपल्या तालमीतले कसब वेगळे, त्यात समोरच्याची पाठ लावायची असते. पण दोन्ही कसबेच आहेत, आणि दोन्ही मातीत किंवा गादीवर हजारदा पडूनच अंगी येतात.

खरेपणा हाच एकमेव निकष मानणाऱ्यांनी आपल्याच गावाचा आणखी एक इतिहास डोळ्यांपुढे आणावा. १८६० च्या दशकात लुई रुसले हा फ्रेंच प्रवासी खंडेराव महाराजांच्या दरबारी पाहुणा होता, आणि त्याने इथल्या खेळांचे जे वर्णन लिहून ठेवले आहे त्यात शिंगाची नखे मुठीत धरून लढणाऱ्या मल्लांची झुंज आहे. त्या झुंजीत काहीच लुटुपुटीचे नव्हते. नखांनी मांस फाटत असे, रक्त वाहत असे, माणसे मरत असत, आणि वर बसलेले लोक ते पाहत असत. निकाल ठरलेला नसणे आणि जखम खरी असणे एवढ्यावरच जर मोठेपण ठरत असेल, तर ती नखांची झुंज कुस्तीचा परमोत्कर्ष म्हणावी लागेल. आज तिचे कोणी समर्थन करील का? आपण ती प्रथा टाकली, आणि तिच्यातला देहाचा आवेश, मानापमान, सूड, क्षमा, बळाचा दर्प आणि दुबळ्याची जिद्द हे सारे माणसाचा जीव न घेता पाहण्याच्या वाटा शोधल्या. रंगमंच ही त्यांतली एक वाट, खेळाचे मैदान ही दुसरी. दोहोंच्या मधोमध एक तिसरी असू शकते.

‘जीव न घेता’ असे म्हणताना माझा हात अडखळतो, कारण इथे विरोधकांचा दुसरा मोठा मुद्दा आहे आणि तो पहिल्याहून गंभीर आहे. या धंद्याने माणसे खाल्ली आहेत. मे १९९९ मध्ये कॅन्सस सिटीला ओवेन हार्ट हा मल्ल छतावरून दोरीने उतरवला जात असताना कोसळून मेला. नोव्हेंबर २००५ मध्ये एडी गरेरो वयाच्या अडतिसाव्या वर्षी गेला. स्नायू फुगवणारी औषधे, वेदनाशामकांचे व्यसन, वर्षातले दोन-तीनशे दिवस प्रवास, आणि एवढे करूनही मल्लांना नोकर न मानता स्वतंत्र कंत्राटदार मानणारे करार, हे सर्व सत्य आहे. मुलांच्या अनुकरणाचा मुद्दाही खरा आहे. माझ्या मावसभावाने पलंगावरून उडी मारून माझा खांदा उतरवला होता, तेव्हा पडद्यावरची ‘घरी करू नका’ ही सूचना आम्ही दोघांनीही रोज वाचलेली होती. पण या साऱ्यातून ‘खोटे’ हा शब्द कसा निघतो, ते मला समजत नाही. उलट मला असे दिसते, की हा शब्द मालकाच्या फार सोयीचा आहे. कंपनीने न्यू जर्सीत ‘ही स्पर्धा नाही’ असे सांगितले ते सत्यप्रेमाने नव्हे. क्रीडा-नियंत्रण मंडळाच्या देखरेखीतून आणि करातून सुटका व्हावी म्हणून सांगितले. सारेच लुटुपुटीचे असेल तर मोडलेल्या मणक्याची जबाबदारी कोणाची? जे खोटे आहे त्याला विमा कशाला आणि निवृत्तिवेतन कशाला? आपण दिवाणखान्यात बसून ‘ते सगळे खोटे असते’ असे म्हणतो, तेव्हा त्या मल्लाच्या शरीराची किंमत शून्य करण्यात नकळत आपलाही हात लागतो. सर्कशीतल्या झुल्यावरच्या मुलीला कोणी खोटी म्हणत नाही, जरी तिची प्रत्येक झेप आधी ठरलेली असते.

आखाड्याची चौकट पोलादी तुळयांची असते, तिच्यावर लाकडी फळ्या, त्यांवर फोमचा पातळ थर आणि वर कापड. त्यावर पाठीवर पडणे हे आपल्या तालमीतल्या तेल, ताक आणि हळद घालून मऊ केलेल्या मातीत पडण्याहून पुष्कळ कठीण आहे. ८ सप्टेंबर २०२३ रोजी हैदराबादच्या गच्चीबावली इनडोअर स्टेडियममध्ये सीना प्रथमच भारतात लढला. त्या रात्री मी तिथे होतो, आणि फार मागच्या रांगेत बसूनही त्या फळ्यांचा आवाज मला छातीत जाणवला. तेव्हा तो ४६ वर्षांचा होता. त्याआधी काय काय झाले होते? ऑक्टोबर २००७ मध्ये एका सामन्यात त्याच्या छातीचा स्नायू हाडापासून सुटला. वर्षभरही बाहेर राहावे लागेल असा अंदाज असताना तो २७ जानेवारी २००८ ला, चार महिन्यांच्या आत, परत आला. त्याच वर्षी मानेची शस्त्रक्रिया झाली. जुलै २०१५ मध्ये सेथ रॉलिन्सच्या गुडघ्याने त्याचे नाक उघड दिसेल असे वाकडे झाले, आणि रक्ताने तोंड भरलेले असताना त्याने सामना ठरल्याप्रमाणे पूर्ण केला. ठरल्याप्रमाणे, या शब्दाकडे पुन्हा एकदा पाहावे. निकाल ठरलेला होता म्हणून वेदना ठरलेली नव्हती. या कंपनीच्या पडद्यावरचा त्याचा पहिलाच सामना, २७ जून २००२ चा, कर्ट अँगलशी झाला. हा अँगल १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकचा कुस्तीतला सुवर्णपदक विजेता. खऱ्या कुस्तीचे शिखर गाठलेल्या माणसाला या आखाड्यात उतरणे कमीपणाचे वाटले नाही, उलट त्याने इथे नव्याने शिकावे लागणारी विद्या आहे असे मानले, हे आपल्या ज्येष्ठांनी विचारात घ्यायला नको का?

त्यांच्या मनातली खरी व्यथा वेगळी आहे आणि ती मला कळते. बडोद्यातल्या व्यायामशाळांत माती तुडवणारी मुले कमी झाली. ज्या गावाने व्यायामाचा दहा खंडांचा मराठी ज्ञानकोश काढला, ज्या गावातून मल्लविद्येवरचा जुना संस्कृत ग्रंथ संपादित होऊन निघाला, त्या गावातल्या मुलाला ढाक आणि घिस्सा या डावांतला फरक सांगता येत नाही, पण सीनाने तोंडासमोर हात फिरवून ‘मी तुला दिसणारच नाही’ म्हणण्याची लकब बरोबर करता येते. ही खंत रास्त आहे. पण हे सीनाने केले का? खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणले. जाण्यासाठी त्यांना लोकांपुढे हात पसरावे लागले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. तेव्हा आपल्या घरांत दूरदर्शन संच नव्हते. २०२३ साली देशाला पदके मिळवून देणाऱ्या मल्लांना न्याय मागण्यासाठी जंतरमंतरवर बसावे लागले. खऱ्या कुस्तीची आबाळ आपणच केली आणि आता तिचे खापर फोडण्यासाठी आपल्याला परदेशी डोके सापडले आहे. शिवाय ज्या पिढीला सीना चालत नाही, तिला दारा सिंग कसा चालला? किंग काँगशी त्याच्या झालेल्या झुंजी, १९६८ साली मुंबईत लू थेझवर त्याने मिळवलेला विजय, हे सारे याच धंदेवाईक कुस्तीचे प्रयोग होते. माझ्या वडिलांच्या पिढीने त्या झुंजी जीव मुठीत धरून पाहिल्या आणि त्याला डोक्यावर घेतले. ते योग्यच केले. मग मुलांनी तेच केले तर ते पाप कसे?

आता सीनाच्या गुणदोषांकडे वळतो, कारण हा प्रकार कला आहे एवढे म्हणून कोणी कलावंत मोठा ठरत नाही. सीनावरचा सर्वांत न्याय्य आक्षेप त्याच्या जातिवंत चाहत्यांनीच घेतलेला आहे. २००५ पासून जवळजवळ दहा वर्षे तो सतत जिंकत राहिला. समोर कोणीही असो, कितीही मार बसो, शेवटी तोच उठणार, हे इतके ठरून गेले की नाट्यच संपले. ऑगस्ट २०१० मध्ये उघड्या सिमेंटवर डोके आपटले गेल्यावरही दोन मिनिटांत उठून त्याने दोघांना हरवले आणि नव्या दमाच्या एका अख्ख्या टोळीचे तेज हरपून गेले. मीही त्या रात्री चिडलो होतो. मार्च २०२५ मध्ये त्याला खलनायक बनवण्यात आले तेही अर्धेकच्चे झाले; ज्या पात्रपरिवर्तनाची आम्ही वीस वर्षे वाट पाहिली त्याला ना कारण मिळाले ना शेवट, आणि ऑगस्टपर्यंत ते गुंडाळले गेले. हे सांगितल्याशिवाय त्याची स्तुती करणे मला अप्रामाणिक वाटेल.

पण त्याच काळातली एक रात्र मी विसरू शकत नाही. ११ जून २००६, न्यूयॉर्कचा हॅमरस्टीन बॉलरूम. तिथला प्रेक्षक हा जुन्या, रांगड्या कुस्तीचा भक्त होता आणि चकचकीत नायक म्हणून सीनाचा मनापासून द्वेष करत होता. ‘सीना जिंकला तर आम्ही दंगल करू’ असा फलक एकाने धरला होता. नेहमीप्रमाणे सीनाने अंगातला सदरा काढून प्रेक्षकांत फेकला, आणि प्रेक्षकांनी तो परत त्याच्या अंगावर फेकला. त्याने पुन्हा फेकला. त्यांनी पुन्हा परत केला. असे किती वेळ चालले. हजारो माणसे एका माणसाला तोंडावर सांगत होती की तुझे काहीही आम्हाला नको. त्याला चिडता आले असते, किंवा केविलवाणे होऊन लोकांची मनधरणी करता आली असती. त्याने दोन्ही केले नाही. तो तो द्वेष पूर्णपणे पीत राहिला, समोरच्या रॉब व्हॅन डॅमला मोठे होऊ दिले, आणि हरून गेला. पुढची जवळजवळ वीस वर्षे प्रत्येक सभागृहात अर्धी माणसे त्याच्या नावाचा जयजयकार करीत आणि अर्धी त्याच सुरात त्याची निर्भर्त्सना करीत. मुलांचे बारीक आवाज एका बाजूला, बाप्यांचे जाड आवाज दुसऱ्या बाजूला. आपल्या सवाल-जवाबाची आठवण व्हावी असा तो प्रकार होता. स्वतःविरुद्धचा सूरही ज्याला आपल्या प्रयोगात सामावून घेता येतो, तो नट सामान्य नसतो.

आणि २०१५ साल. सर्वोच्च पट्टा सोडून दुय्यम पट्टा कमरेला लावून तो जवळजवळ दर आठवड्याला शड्डू ठोकल्यासारखा उभा राहिला, की येईल त्याने यावे. आले त्यांत नवे, कमी प्रसिद्ध, छोट्या चणीचे मल्लही होते. सीनाने त्यांना वीस-वीस मिनिटे दिली. केव्हिन ओवेन्सला त्याच्या पहिल्याच मोठ्या सामन्यात त्याने स्वच्छ जिंकू दिले. आदल्या वर्षी ब्रॉक लेस्नरने त्याला सोळा वेळा मागे उचलून आपटले होते, आणि सीनाने त्यात जवळजवळ प्रतिकारच दाखवला नव्हता. त्या एका रात्रीने लेस्नरची भीती पुढची कित्येक वर्षे टिकली. दुसऱ्याच्या गाण्याला साथ करताना आपला आवाज नेमका किती खाली घ्यायचा, हे ज्याला कळते त्यालाच आपण गवई म्हणतो ना? कुस्तीच्या या प्रयोगात ती साथ म्हणजे पडणे. दहा वर्षे न पडल्याबद्दल आम्ही ज्याला बोल लावला, तो पडण्याची कला सावकाश, उशिरा, पण अंगी मुरेपर्यंत शिकला.

म्हणूनच तरुणांची तक्रार मला मान्य नाही. शेवटच्या सामन्यात त्याने हार मानायला नको होती, असे ते म्हणतात. वीस वर्षांहून अधिक काळ त्याने कधीही थाप मारली नव्हती, हे खरे; त्याच्या दंडपट्ट्यांवर, टोप्यांवर, सदऱ्यांवर तेच ब्रीद छापलेले होते. गंभीर आजारी मुलांच्या इच्छा पूर्ण करणाऱ्या संस्थेमार्फत त्याने २०२२ पर्यंत ६५० हून अधिक मुलांना भेटी दिल्या, आणि त्या सगळ्यांना त्याने हेच सांगितले असणार. मग त्या मुलांशी ही प्रतारणा नव्हे का? मी या प्रश्नाचा खूप विचार केला. त्या मुलांपैकी सगळीच बरी झाली नसणार, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असेल? झुंजून दमलेल्या मुलाला ‘तू हार मानलीस’ असे कोणी म्हणू शकेल का? सीनाने विळखा सोडवण्याचा प्रयत्न पुन्हा पुन्हा केला, आणि शरीराने आता पुरे म्हटल्यावर तो हसला आणि त्याने थाप मारली. प्रयत्न संपल्यावरची ती थाप त्या ब्रीदाच्या विरोधात आहे असे मला वाटत नाही. शिवाय या धंद्याचा जुना रिवाजच असा आहे, की जाणाऱ्याने पाठीवर पडून जावे. आपल्या नावाची पुण्याई मागे राहणाऱ्याच्या पदरात टाकावी. गुंथर सोळा मल्लांची स्पर्धा जिंकून त्या सामन्यापर्यंत आला होता. सीना जिंकला असता तर ते नाव त्याच्याबरोबरच घरी गेले असते. कोणाच्या उपयोगी पडले असते?

बालगंधर्वांची आठवण मी इथे जपून काढतो. त्यांना बडोद्याचा राजाश्रय होता, आणि या गावातल्या जुन्या घरांत त्यांच्याबद्दल आजही आदराने बोलले जाते. १९११ साली ‘मानापमान’ या नव्या नाटकाच्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी लहान मुलगी गेलेली असताना ते रंगमंचावर उभे राहिले. ते शोक गिळत होते आणि प्रेक्षकांना हसरी भामिनी दिसत होती. त्या हसण्याला कोणी खोटे म्हटले नाही. पण त्याच बालगंधर्वांना साठी ओलांडल्यावरही शालू सोडवला नाही. स्वरांतली जादू टिकून होती आणि देहाने साथ सोडली होती, आणि ज्यांनी त्यांना भर ज्वानीत पाहिले होते त्यांना ते पाहवत नसे. त्यांना दोष देण्याचा माझा अधिकार नाही. कर्ज होते, मंडळी पोसायची होती, आणि रंगमंचाखेरीज त्यांना दुसरे घरच नव्हते. पण देहाने करायच्या कलेत थांबण्याची वेळ ओळखणे किती कठीण असते, हे त्या मोठ्या माणसाच्या उत्तरायुष्यातून कळते. सीनाने दीड वर्ष आधी तारीख सांगितली, २०२५ हे शेवटचे वर्ष, आणि ४८ व्या वर्षी ती पाळली. कुस्तीच्या दुनियेत निवृत्त होऊन परत येणाऱ्यांची रांग मोठी आहे. म्हणून त्याने ती पुढेही पाळावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

त्या सकाळी सामना संपल्यावर प्रेक्षक संतापून ओरडत होते. दोन्ही जगज्जेत्यांनी आत येऊन आपापले पट्टे त्याच्या खांद्यांवर ठेवले. मग त्याने पायांतले बूट आणि हातांवरच्या कापडी पट्ट्या काढून आखाड्याच्या मधोमध ठेवले आणि तो मोज्यांनिशी वर चढून गेला. माझे मामा माझ्या शेजारी बसलेले होते. तरुणपणी दांडिया बाजारच्या मातीत ते दहा वर्षे लढले, आणि आजवर माझ्या या आवडीबद्दल त्यांनी मला कधी बरे म्हटलेले नाही. त्यांनी सामनाभर एक शब्द उच्चारला नव्हता. बूट खाली ठेवले गेले तेव्हा ते म्हणाले, “पडतो चांगला. याला पडायला कोणी शिकवले रे?” मग मी २००६ ची ती न्यूयॉर्कची रात्र शोधून काढली, आणि आम्ही दोघे ती पहिल्यापासून पाहत बसलो.